वंगण आटलेली फटफटी

सिलवासा आणि वंगणतेल यांचे नाते आता चांगले जुने झाले आहे. कॅस्ट्रॉल, गल्फ, इंडियन ऑइल अशा नामांकित कंपन्यांचे वंगण मिसळण्याचे व डब्यांत भरण्याचे कारखाने दादरा-नगर हवेलीच्या या लहानशा मुलखात उभे आहेत. हा मुलूख १९५४ साली पोर्तुगीजांच्या अमलातून सुटला, १९६१ साली भारतात सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग झाला. क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. करसवलतींच्या काळात येथे कारखाने आले आणि कारखान्यांपाठोपाठ मोटारसायकल आली. खेरडी, खानवेल या बाजूच्या गावांतून सिलवाशाकडे कामाला जाणाऱ्या माणसाचे आजचे मुख्य वाहन म्हणजे हीच शंभर-सव्वाशे सी. सी. ची फटफटी. जेथून तेलाची पिंपे ट्रकांत भरून देशभर रवाना होतात, त्या गावाच्या रस्त्यावरच तेलावाचून एंजिन गमावलेली मोटारसायकल ढकलत नेणारा माणूस दिसावा, ही गोष्ट चमत्कारिक खरी. परंतु तिची कारणे तपासली म्हणजे तिच्यात नवल असे फारसे उरत नाही.

या प्रदेशात काय किंवा शेजारच्या जव्हार-तलासरीकडे काय, बैलगाडी हाकणाऱ्याला वंगणाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नसे. गाडीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. कण्यातले वंगण सुकले की चाक कुरकुरू लागे. ती कुरकुर बैलांना आणि गाडीवानाला सारखीच असह्य होई, आणि पहिल्या मुक्कामालाच चाक ओढून कण्याला वंगण लावले जाई. बैलगाडीचा हा एक गुण मानला पाहिजे की, ती आपली तक्रार अगदी आरंभीच सांगे. मोटारसायकलीचे एंजिन नेमके उलट वागते. तेल निम्म्यावर आले तरी ते चालते, वेग देते, चढ चढते. आणि ज्या दिवशी ते तक्रार करते त्या दिवशी बहुधा ऐकून घेण्यासारखे काही उरलेले नसते.

वंगणाचा पूर्वज एरंडेलच आहे, हे येथे जाता जाता सांगावयास हरकत नाही. पहिल्या महायुद्धातील पुष्कळशा विमानांची एंजिने एरंडेलावर चालत, आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही १९०९ साली एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच पडले. आज डब्यात येते ते तेल खनिज किंवा कृत्रिम रीतीने तयार केलेले असते; पण काम तेच, दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे.

हे दूर ठेवणे म्हणजे काय, याचा उलगडा इंग्लंडमध्ये एका गमतीदार घटनेतून झाला. ब्यूशँप टॉवर नावाचे अभियंते १८८३ च्या सुमारास आगगाडीच्या आसांसारख्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले होते. यंत्र सुरू करताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवर यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, चिंचोळ्या फटीत ते तेल दाबले जाते आणि त्या दाबावर सारा भार अक्षरशः तरंगतो, हे त्यातून ध्यानात आले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली या गोष्टीचे गणित मांडले. तेव्हा उत्तम स्थितीतील यंत्रात लोखंडावर लोखंड घासतच नाही. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा तेलाचा पापुद्रा असतो. या पापुद्र्यावर यंत्राचे आयुष्य अवलंबून असते, आणि तो टिकविण्यासाठी तेलाचा पुरवठा अखंड लागतो.

मोटारसायकलीच्या एंजिनाकडे या दृष्टीने पाहावे. ते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सेकंदाला ८३ वेळा वर जातो व तितक्याच वेळा खाली येतो. माथ्यावर पेटणाऱ्या वायूचे तापमान काही क्षण २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. मोटारीप्रमाणे येथे पाण्याचा रेडिएटर बहुधा नसतो. सिलिंडरच्या पंख्यांवरून जाणारा वारा आणि आत फिरणारे तेल, एवढ्यांवरच थंड राहण्याची भिस्त. शिवाय मोटारीत एंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरचे वेगळे. मोटारसायकलीत बहुधा दट्ट्या, क्रँक, कॅम, क्लचच्या प्लेटा आणि गिअरचे दाते या सर्वांचा संसार एकाच तेलावर चालतो. आणि ते तेल किती? शंभर सी. सी. च्या गाडीत सुमारे एक लीटर. यातले पाव लीटर गेले म्हणजे केवळ चौथा हिस्सा गेला असे नव्हे. उरलेल्या पाऊण लीटरला पूर्वीचीच उष्णता वाहावी लागते, पूर्वीचीच काजळी व धातूचा कीस पोटात घ्यावा लागतो, आणि तेही पूर्वीपेक्षा लवकर लवकर फेऱ्या घालून. तेल अधिक तापते, तापले की पातळ होते, पातळ झाले की पापुद्रा फाटतो.

मग एवढी मोलाची वस्तू माणूस विसरतो कसा? याचे उत्तर बरेचसे वाहनांच्या इतिहासात आहे. ज्यांनी राजदूत, येझदी किंवा लूना चालविली, त्यांना तेल विसरणे शक्यच नव्हते. ती दोन-स्ट्रोकची एंजिने. त्यांचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. पंपावर पेट्रोल घेताना तेलाचे माप टाकावयाचे, ही सवय हाताला जडलेली होती. तेल पेट्रोलबरोबर जळून जाई, मागे धुराचा लोट सोडी, हवा बिघडवी, हे सारे खरे. परंतु पेट्रोल आणि तेल यांची आठवण एकाच गाठीत बांधलेली असे. बुलेट चार-स्ट्रोकची असूनही तिच्या मालकाला वेगळ्या कारणाने तेलाची आठवण राही. जुनी बुलेट जेथे उभी राही तेथे खाली तेलाचा डाग पाडी, आणि सकाळी तो डाग पाहूनच मालक दांडी काढून पाही. दोषसुद्धा कधी कधी असा उपयोगी पडतो.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोकची स्वस्त, काटकसरी मोटारसायकल सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. पेट्रोल भरावे, झाकण लावावे आणि विसरून जावे, असा तिच्या गाजलेल्या जाहिरातीचा सूर होता. तो पेट्रोलाच्या बचतीपुरता योग्यच होता. लोकांनी मात्र हे विसरणे तेलापर्यंत नेले. पुढे धुराविषयीचे नियम कडक होत गेले, तशी दोन-स्ट्रोकची मोटारसायकल बाजारातून नाहीशी झाली आणि पंपावरचे तेलाचे मापही गेले. आता तेल एंजिनाच्या तळाशी, कोठीत, दृष्टीआड असते. पेट्रोलासाठी समोर काटा असतो. तेलासाठी पुष्कळशा साध्या मोटारसायकलींवर ना काटा ना दिवा. एक झाकण आणि त्याला लावलेली एक दांडी, एवढीच काय ती खबर देणारी व्यवस्था. आणि तीसुद्धा कोणी काढून पाहील तरच बोलणार.

तेल जाते कोठे, असा प्रश्न गाडीमालक मोठ्या संशयाने विचारतो. जणू गॅरेजवाल्यानेच ते काढून घेतले. ते थोडे थोडे जळते. दट्ट्यावरील कड्या झिजल्या की तेल वर चढते, व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील सील कडक झाले की ते वरून खाली झिरपते, आणि दोन्ही वाटांनी ज्वलनाच्या जागी पोचून सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर होऊन निघते. काही तेल खालच्या नटाच्या जुन्या वायसरमधून, गिअर व किकच्या शाफ्टच्या सीलमधून पाझरते. पावसाळ्यात तर हे पाझरणे मुळीच दिसत नाही, कारण गाडीचे पोट चिखलाने माखलेले असते आणि चिखलात तेलाचा ओघळ कोण ओळखणार? या भागात पाऊस उदंड आणि माती चिकट.

हिशेब करून पाहावा. एखाद्या कामगाराचे जाणे-येणे रोज ४० किलोमीटर आहे आणि महिन्यात तो २५ दिवस कामावर जातो, असे धरू. महिन्याला १,००० किलोमीटर झाले. गाडी जराशी जुनी असून हजार किलोमीटरमागे १०० मिलिलीटर तेल खात असेल, तर तीन महिन्यांत ३०० मिलिलीटर, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ६,००० किलोमीटरला तेल बदलावे व मध्ये ३,००० ला पातळी पाहून भर घालावी, असे सांगितलेले असते. मालकाच्या लक्षात पहिला आकडा राहतो, दुसरा राहत नाही. अशा जुन्या गाडीत ६,००० किलोमीटर पुरे होईपर्यंत ६०० मिलिलीटर गेलेले असते, आणि कोठीत जे काळे, दाट, थोडेसे पाणी उरते त्याला तेल म्हणावयाचे ते केवळ वहिवाटीने.

सपाट रस्त्यावर कमी तेलाचे दुखणे बराच काळ झाकून राहते. चढणीवर ते उघडे पडते. खानवेलहून दूधनीच्या बाजूला जाणारा रस्ता मधुबन धरणाच्या जलाशयाकडे वळणे घेत, चढत-उतरत जातो. गाडीवर दोघे-तिघे, पुढे पोते किंवा पिशवी, गिअर पहिला-दुसरा, वेग मंद. वेग मंद म्हणून वारा कमी, आणि एंजिनाचे फेरे मात्र भरपूर. त्यातच गाडी तिरकी झाली की कोठीतले थोडके तेल एका बाजूला जमते आणि पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते. पंप तेलाऐवजी हवा ओढतो. तेलात फेस होतो, आणि फेसाला भार उचलता येत नाही. टॉवर यांच्या लाकडी खुंटीला बाहेर फेकणारा तो दाब येथे नाहीसा झालेला असतो.

पहिला घाव पडतो तो डोक्यावर, म्हणजे सिलिंडरच्या हेडमध्ये. पंपापासून सर्वांत दूरची जागा तीच. कॅमचा उंचवटा आणि त्यावर घासणारे रॉकर यांच्यामध्ये भार मोठा व जागा चिमुकली. तेल न पोचल्यास त्या आरशासारख्या पृष्ठभागावर आधी ओरखडे आणि मग खड्डे पडतात. वरून टकटक असा आवाज येऊ लागतो. मालक गॅरेजात जातो, ‘टॅपेट आवाज करते’ म्हणतो, टॅपेट कसून घेतले जाते आणि आवाज आठवडाभर थांबतो. तेलाची दांडी त्या दिवशी कोणीच काढीत नाही. या एका हलगर्जीपणामुळे जितकी एंजिने निकामी होतात तितकी अपघातानेही होत नसतील, असे म्हणण्याचा मोह होतो.

त्यानंतर पाळी येते दट्ट्या व सिलिंडर यांची. अल्युमिनियमचा दट्ट्या तापला की लोखंडी सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो. मधला तेलाचा पापुद्रा फाटलेला असतो. मग मऊ धातू कठीण धातूला चिकटतो, ओरबाडला जातो, आणि बोअरमध्ये उभ्या रेघा उमटतात. या रेघांतून तेल आणखी वर जाते, आणखी जळते, पातळी आणखी घटते. दुखण्यानेच दुखणे वाढविण्याचा हा प्रकार आहे. शेवटी दट्ट्या अडकतो. कारागीर त्याला एंजिन जाम झाले किंवा सीज झाले म्हणतात. धावत्या गाडीत हे घडले तर मागचे चाकही जागच्या जागी बांधल्यासारखे होते आणि गाडी घसरत जाते. अशा वेळी क्लच तत्काळ दाबला तर चाक मोकळे होते. ब्रेकवर जोर दिल्याने काहीच साधत नाही. ओल्या उतारावर मागे बायकोमूल बसलेले असता ही घसरण काय करील, हे निराळे सांगावयास नको. तेलाच्या पातळीचा प्रश्न केवळ यंत्राचा नाही तो यासाठी.

दट्ट्या कदाचित बचावेल. पण खाली क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्या सांध्यातील बेअरिंग गेले, तर खोलवरून ठक्‌ ठक्‌ असा जड आवाज येतो व गाडी ओढली की तो वाढतो. हा आवाज ऐकल्यावर चतुर कारागीर गाडी चालवून पाहत नाही. हेडचे काम गाडीला एंजिन लागलेले असतानाही होऊ शकते. क्रँकसाठी मात्र संपूर्ण एंजिन उतरवून कोठी दुभंगावी लागते. कॅम, रॉकर, ब्लॉक-पिस्टन, रॉडचे किट आणि मजुरी यांची बेरीज कामगाराच्या कित्येक दिवसांच्या रोजाला गिळते, आणि त्याच वेळी गाडीचा मासिक हप्ता थांबलेला नसतो. गाडी गॅरेजात असेतो पहाटेच्या पाळीला पोचावयाचे कसे, हा प्रश्न तर त्याहून जवळचा. गावात एखादी मोटारसायकल बंद पडली म्हणजे तिच्यावर बसून कारखान्यात जाणारा शेजारीही घरी राहतो. जे तेल वेळेवर घातले असते तर हे टळते, त्याच्या एका डब्याची किंमत या खर्चापुढे क्षुल्लक आहे.

तेल पाहण्याचे काम पाच-सात मिनिटांचे आहे. मात्र ते नीट केले पाहिजे. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी हवी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत दांडी खोटे बोलते. एंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबून तेल खाली उतरू द्यावे, मग दांडी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी व पुन्हा आत सोडून पाहावी. पुष्कळ गाड्यांत ती आटे न पिळता नुसती टेकवावयाची असते. कोणत्या गाडीत कसे, हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते, आणि पुस्तिका सहसा घरातल्या पेटीत तळाशी असते. तेल दांडीवरील दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावे. खालच्या खुणेखाली असल्यास थोडे थोडे घालीत जावे. ‘जरा जास्तच घाल’ हा उदारपणाही घातक आहे, कारण फिरणारा क्रँक अधिक तेलाला घुसळून फेस करतो आणि सीलमधून ते बाहेर लोटतो.

तेल कोणते घालावे याबाबत गैरसमज बरेच आहेत. महाग ते चांगले, किंवा मोटारीचे ते अधिक चांगले, असे नाही. मोटारसायकलीचा क्लच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. त्यांनी क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. म्हणून मोटारसायकलीच्या डब्यावर ‘जासो एमए’ हे जपानी मानक छापलेले असते, ते पाहावे, आणि १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० यांपैकी जो दर्जा पुस्तिकेत असेल तोच घ्यावा. सुटे, बाटलीतले, अर्ध्या किमतीचे तेल घेणे म्हणजे दुसऱ्याच्या एंजिनातले काळे तेल गाळून स्वतःच्या एंजिनात घालण्याची तयारी दाखविणे होय. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भेसळीचा माल भरणारे लोक असतात. रिकामा डबा फेकण्यापूर्वी कापावा तो याचसाठी.

आणि सावधगिरी बाळगूनही वाटेत एंजिन अडखळले, ताकद एकाएकी गेली, किंवा तापलेल्या धातूचा वास आला, तर क्लच दाबून, गाडी कडेला घेऊन एंजिन तत्काळ बंद करावे. गरम एंजिनावर ओढ्याचे पाणी मारू नये. धातू वाकतो किंवा तडकतो. किक मारून पाहण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये. अर्ध्या-पाऊण तासाने एंजिन निवल्यावर दांडी पाहावी. तेल संपलेले आढळले तर योग्य तेल घालून किक हाताने हळूच दाबून बघावी. ती मोकळी फिरली तरी सर्व ठीक झाले असे समजू नये, कारण बोअरमधल्या रेघा तेलाने भरून निघत नाहीत. गॅरेजात पोचल्यावर पहिले काम म्हणजे कोठीतील तेल स्वच्छ पांढऱ्या ताटलीत काढून उजेडात धरणे आणि गाळणी बाहेर घेऊन पाहणे. तेलात रुपेरी चमक दिसली तर ती दट्ट्याच्या अल्युमिनियमची असते. लोहचुंबकाला कीस चिकटला तर तो कॅम, रॉकर, गिअर किंवा क्रँकचा. चमकही नाही आणि कीसही नाही, तर नवे तेल घालून, पाचशे किलोमीटरपर्यंत दर दोन दिवसांनी दांडी पाहत गाडी बेताने चालवावी. चमक दिसली, तर एंजिन त्याच दिवशी उघडावे. कड्या आणि दट्ट्यावर निभावणारे काम महिनाभर लांबले की क्रँकपर्यंत जाते.